ध्वनिमुद्रिकेतील अनामिक वादक

एखादी ध्वनिमुद्रिका आपण सामान्यतः एका नावाने ओळखतो. ते नाव बहुधा गायकाचे असते, क्वचित संगीत दिग्दर्शकाचे. परंतु तीन-चार मिनिटांच्या गीतात त्या एका आवाजाभोवती गिटारचे स्वर असतात, ठेका असतो, दोन कडव्यांमधील जागा भरून काढणारे व्हायोलिन किंवा ॲकॉर्डियन असते. ही वाद्ये वाजवणारी माणसे गायकाच्या नित्याच्या संचातील असतातच असे नाही. पुष्कळदा ती त्या दिवसापुरती बोलावलेली असतात. सकाळी एकासाठी आणि दुपारी दुसऱ्यासाठी ती वाजवतात, ठरलेले मानधन घेतात आणि निघून जातात. पाश्चात्त्य देशांत ध्वनिमुद्रणाच्या एका बैठकीला सेशन म्हणतात. त्यावरून अशा वादकांना सेशन म्युझिशियन हे नाव पडले. आपल्याकडील चित्रपटसृष्टीत त्यांना नुसते म्युझिशियन म्हणण्याचा प्रघात आहे.

जेव्हा एखादी कंपनी किंवा चित्रपट निर्माता ध्वनिमुद्रणाचा खर्च करतो, तेव्हा या वादकांना कोणी बोलवावे, त्यांना किती पैसे द्यावेत आणि त्यांची नावे छापावीत की नाही, हे तो ठरवतो. परंतु कलावंताने स्वतःच्या पैशाने, कोणत्याही कंपनीच्या आश्रयाशिवाय ध्वनिमुद्रिका काढायचे ठरवले म्हणजे हे सर्व निर्णय त्याच्याकडे येतात. अशा ध्वनिमुद्रिकेला स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणतात. येथे 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ मर्यादित आहे. कलावंत कंपनीपासून स्वतंत्र झाला, तरी वादकांपासून तो स्वतंत्र होत नाही. उलट त्यांच्याशी त्याचा संबंध अधिक निकटचा होतो, कारण आता तोच त्यांचा सहकारी असतो आणि तोच त्यांचा धनीही असतो. हा संबंध कसा असावा, हे समजण्यासाठी त्याचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

ब्रिस्टल आणि नॅशव्हिल

अमेरिकेतील ज्या संगीताला कंट्री असे नाव आहे, ते तेथील दक्षिणेकडील ग्रामीण भागातून आले. त्यातील कथागीते आणि फिडल, म्हणजे लोकपद्धतीने वाजवले जाणारे व्हायोलिन, ब्रिटिश बेटांतून गेलेल्या वसाहतवाल्यांनी नेले. बँजोचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यात आहे. तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवायची स्टील गिटार हवाई बेटांतून आली. म्हणजे ज्या संगीताला एका प्रदेशाचे संगीत म्हणून मान्यता मिळाली, तेही अनेक ठिकाणच्या वादकांनी घडवलेले आहे.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीर हे टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आले. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात त्यांनी १९ कलावंतांची व संचांची ७६ मुद्रणे केली. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स हे पुढे विख्यात झालेले कलावंत याच वेळी प्रथम प्रकाशात आले. कंपनीला संगीताकडे आणण्याऐवजी कंपनीने संगीताच्या गावी जाण्याचा हा प्रकार होता. गाणारे आणि वाजवणारे तेथे एकाच घरातले किंवा शेजारचे होते. भाड्याने वादक आणण्याचा प्रश्नच नव्हता.

तीस वर्षांनंतरचे चित्र वेगळे होते. टेनेसीतील नॅशव्हिल हे शहर कंट्री संगीताच्या धंद्याचे केंद्र बनले होते. ओवेन ब्रॅडली आणि हॅरल्ड ब्रॅडली या बंधूंनी १९५० च्या दशकाच्या मध्यास तेथे ध्वनिमुद्रणगृह उभारले आणि १९५७ मध्ये आरसीए कंपनीचेही ध्वनिमुद्रणगृह सुरू झाले. थोडेसेच वादक दिवसभर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन बहुतेक सर्व गायकांची साथ करीत. वादकांच्या संघटनेने बैठकीची लांबी तीन तास ठरवली होती आणि तेवढ्या वेळात तीन-चार गीते पुरी होत. गीत आधी पाठवलेले नसे. वादक येत, गीत एकदा ऐकत आणि त्यावर काय वाजवायचे ते तेथल्या तेथे ठरवीत.

या वेगासाठी त्यांनी लेखनाची एक सुटसुटीत पद्धत काढली. 'जॉर्डनेअर्स' या गायकवृंदातील नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती वापरात आणली आणि चार्ली मॅकॉय प्रभृती वादकांनी तिचा प्रसार केला. भारतीय वाचकाला ती समजण्यास मुळीच कठीण नाही. आपण सा, रे, ग, म म्हणतो तेव्हा कोणत्याही ठराविक उंचीचा स्वर सांगत नाही. षड्ज कोठेही धरावा, बाकीचे स्वर त्याच्या अंतराने ठरतात. नॅशव्हिलच्या पद्धतीत षड्जाच्या जागी १, मध्यमाच्या जागी ४ आणि पंचमाच्या जागी ५ असे आकडे लिहितात आणि त्या त्या स्वरावर उभारलेले स्वरसंघात वाजवतात. गायकाने 'आज आवाज बसला आहे, पट्टी खाली घ्या' असे सांगितले, तरी कागद बदलावा लागत नाही.

१९६६ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत बॉब डिलन न्यूयॉर्कहून नॅशव्हिलला आले आणि तेथील स्थानिक वादकांना घेऊन त्यांनी 'ब्लाँड ऑन ब्लाँड' ही ध्वनिमुद्रिका केली. घड्याळाकडे पाहून काम करणाऱ्या या वादकांना हा अनुभव नवा होता. डिलन गीत लिहीत बसले आणि वादक तासन्‌तास पत्ते खेळत थांबून राहिले. पहाटे चारच्या सुमारास गीत तयार झाले. ते किती वेळ चालणार, हे वादकांना सांगितलेले नव्हते. प्रत्येक कडव्यानंतर आता शेवट होईल असे समजून ते वादनाचा भर वाढवीत आणि पुढचे कडवे सुरू होई. गीत अकरा मिनिटांहून अधिक चालले. ध्वनिमुद्रिकेवर नाव डिलन यांचे आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पहाटेचे ते हळूहळू उंचावणारे वादन थकलेल्या, तरीही सावध असलेल्या स्थानिक वादकांचे आहे. डिलन यांनी ते लिहिले नव्हते आणि सांगितलेही नव्हते.

मुंबईतील गोमंतकीय वादक

नॅशव्हिलमध्ये जे घडत होते, त्याला समांतर अशी गोष्ट त्याच काळात मुंबईत घडत होती. तेथील वादकांत गोमंतकीयांचे प्रमाण मोठे होते आणि त्याचे कारण त्यांच्या शिक्षणात आहे. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लिहिण्या-वाचण्याबरोबर स्वरलेखन वाचण्यास शिकवीत. चर्चमधील प्रार्थनेसाठी गाणारे व व्हायोलिन वाजवणारे तयार करावेत, एवढाच त्यामागील हेतू होता. परंतु त्यातून पाच रेषांवरील स्वरलिपी पाहताक्षणी वाजवू शकणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या निर्माण झाली. गोव्यात त्यांना पुरेसे काम नव्हते. ती ब्रिटिश हिंदुस्थानात आली. संस्थानिकांचे बँड, मोठी हॉटेले, जहाजे आणि मूकपट दाखवणारी चित्रपटगृहे यांतून त्यांना काम मिळाले. मुंबईत धोबी तलाव व माझगाव या भागांत गावागावांचे 'कूड' असत. नव्याने आलेला तरुण आपल्या गावच्या कुडात पथारी टाकी आणि तेथूनच कामाचा शोध घेई.

बोलपटाला या माणसांची गरज होती. बहुतेक संगीत दिग्दर्शक हिंदुस्थानी संगीताच्या परंपरेत वाढलेले होते. ते पेटीवर चाल बसवीत. ती त्यांच्या स्मरणात असे, कागदावर नसे. उलट, चाळीस-पन्नास वादकांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवायचे, तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद हवा. चाल ऐकून ती स्वरलिपीत उतरवणारा, प्रत्येक वाद्याचा भाग लिहिणारा आणि वादकांकडून तो बसवून घेणारा जो मध्यस्थ आवश्यक झाला, त्याला अरेंजर किंवा संगीत संयोजक म्हणू लागले. या कामात अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड आणि 'चिक चॉकलेट' या नावाने प्रसिद्ध असलेले अँतोनियो झेवियर वाझ ही नावे प्रमुख आहेत.

पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या गीतांत जाझच्या ठेक्याचा जो मोकळा वापर दिसतो, त्यात हळदोण्याच्या या चिक चॉकलेट यांचा वाटा मोठा होता. १९५१ च्या 'अलबेला' या चित्रपटात ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. पडद्यामागील वादकाला असे पुढे येण्याची संधी क्वचितच मिळे. शंकर-जयकिशन यांच्या गीतांत गायकाच्या चालीखालून व्हायोलिनवृंदाची एक दुसरी, स्वतंत्र चाल वाहत असते. ती सेबॅस्टियन डिसोझा यांची खासियत समजली जाते.

अर्थात हा व्यवसाय केवळ गोमंतकीयांचा नव्हता. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी हे पारशी होते. ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स पुण्याचे, तर सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग नेपाळी वंशाचे आणि कलकत्त्याहून आलेले होते. सतार, सारंगी, ढोलकी, तबला ही वाद्ये वाजवणारे उत्तरेतील घराण्यांतून व महाराष्ट्रातील तमाशा-नाटकांच्या परंपरेतूनही येत. रोमन लिपीत टिपण करणारा एकजण, सरगम लिहिणारा दुसरा आणि काहीही न लिहिता कानाने उचलणारा तिसरा, असे तिघे शेजारी बसून एकच गीत वाजवीत.

एका दमात झालेले ध्वनिमुद्रण

त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची पद्धत लक्षात घेतल्याखेरीज या वादकांच्या कौशल्याची कल्पना येणार नाही. आजच्यासारखे प्रत्येक वाद्य निरनिराळे मुद्रित करण्याची सोय नव्हती. गायक आणि सर्व वादक एकाच वेळी गात-वाजवीत. मोजक्या ध्वनिग्राहकांतून आलेला आवाज त्याच क्षणी एकत्र होऊन फितीवर उमटे. आवाजांचा समतोल नंतर बदलता येत नसे. म्हणून तो वादकांच्या बसण्याच्या जागांनी साधावा लागे. बासरी ध्वनिग्राहकाजवळ, व्हायोलिने थोडी दूर, ट्रंपेट त्याहून मागे, अशी मांडणी ध्वनिमुद्रक करी.

या पद्धतीत एका माणसाची चूक ही सर्वांची चूक होई. गीताच्या शेवटच्या ओळीत एखाद्या व्हायोलिनवादकाचा गज चुकीच्या तारेवर पडला, तर गायकासह सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. गायकाचा आवाज दमत जाई, ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे वाढत जाई आणि ज्याच्याकडून चूक झाली त्याला पुढच्या कामाची शाश्वती राहत नसे. महिन्याचा पगार नव्हता. जितक्या बैठका, तितकी मिळकत. अशा स्थितीत गीताच्या मधली जागा भरणारा एखादा छोटा तुकडा सुचवणे, आणि तो पहिल्याच प्रयत्नात निर्दोष वाजवणे, हे या माणसांचे नित्याचे काम होते. १९६९ च्या 'आराधना' चित्रपटातील 'रूप तेरा मस्ताना' या गीतात केर्सी लॉर्ड यांनी वाजवलेले ॲकॉर्डियन आठवावे. ते वगळले, तर गीत ओळखू येईल, पण त्याचा रंग राहणार नाही.

यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो. चाल दिग्दर्शकाची, शब्द कवीचे. मग दोन कडव्यांमधील तो तुकडा कोणाचा? व्यवहारात याचे उत्तर सोपे होते. त्या दिवसाचे पैसे दिले की तो तुकडा विकत घेतला गेला. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वादकांची नावे नसत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अरेंजरचे नाव आले तर 'साहाय्यक' म्हणून येई, पुष्कळदा तेही येत नसे.

अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सासष्टीतील माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक १९४३ मध्ये मुंबईस आला. त्याच्या शिष्यांत प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन होते. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' उभारला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम केला. १९६० च्या दशकात ते अमेरिकेस गेले आणि परतल्यावर गोव्यात निवृत्त जीवन जगले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात त्यांचे नाव नायकाच्या तोंडी आले. प्यारेलाल यांनी गुरूला दिलेली ती मानवंदना होती. त्यानंतर ते नाव देशातील लहान मुलालाही पाठ झाले. परंतु ते एका खऱ्या संगीतकाराचे नाव आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक होते. २०१२ मध्ये गोन्साल्विस यांचे निधन झाले.

नाव आणि हक्क

या अनामिकपणाला कायद्याचाही आधार होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने कवी, संगीतकार आणि ध्वनिमुद्रिकेचा निर्माता यांचे हक्क मान्य केले; गाणाऱ्याचा किंवा वाजवणाऱ्याचा हक्क त्यात नव्हता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या संगीताचा हक्क सामान्यतः निर्मात्याकडे जातो, असा निर्णय दिला. त्या वेळी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून, ज्याच्या कंठातून संगीत प्रत्यक्षात उतरते त्या कलावंताला कायद्यात स्थान नाही, याकडे संसदेचे लक्ष वेधले.

संसदेने ही उणीव १९९४ च्या दुरुस्तीने काही अंशी दूर केली. सादरकर्त्या कलावंताचा हक्क प्रथमच मान्य झाला आणि त्याची मुदत २५ वर्षे ठरली. १९९९ मध्ये ती ५० वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. सादरीकरणाचा व्यापारी उपयोग झाल्यास स्वामित्वशुल्क मिळण्याचा हक्क कलावंताला मिळाला. आपण सादर केलेल्या कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव यावे, अशी मागणी करण्याचा हक्कही मिळाला. तो कलावंताचा नैतिक हक्क होय. मात्र चित्रपटाच्या बाबतीत एक अपवाद ठेवण्यात आला. ज्याचा सहभाग प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत दिले जात नाही, त्याला हे हक्क पूर्णांशाने लागू होत नाहीत. म्हणजे नाव न देण्याची जुनी प्रथाच हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकते. स्वतंत्र ध्वनिमुद्रिका हा चित्रपट नव्हे. म्हणून हा अपवाद तिला लागू नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कायद्यापूर्वी काही कलावंतांनी स्वतःहून पाऊल उचलले होते. ए. आर. रहमान यांनी आपल्या ध्वनिमुद्रिकांवर वादकांची नावे वाद्यांसह छापण्याचा परिपाठ ठेवला. त्यासाठी खर्च करावा लागला नाही. वेष्टनावर थोडी जागा आणि कोणी काय वाजवले याची नोंद ठेवण्याची शिस्त, एवढेच त्यासाठी लागले.

शिवोलीतील एक प्रयोग

ध्वनिमुद्रणाचे तंत्र बदलले, तसा वादकांशी असलेला संबंधही बदलला. बहुमार्गी मुद्रणात एकाच फितीवर अनेक समांतर पट्ट्या असतात. एका पट्टीवर गिटार मुद्रित करावी, ती ऐकत दुसऱ्या पट्टीवर ढोल, तिसऱ्यावर आवाज, असे करता येते. १९७९ मध्ये जपानच्या टीअॅक कंपनीने साध्या कॅसेटवर चार पट्ट्या मुद्रित करणारे छोटे यंत्र बाजारात आणले आणि ही सोय घरापर्यंत आली. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंग्स्टीन यांनी १९८२ ची 'नेब्रास्का' ही ध्वनिमुद्रिका अशाच यंत्रावर घरी मुद्रित केली.

गोव्यात रेमो फर्नांडिस यांनी तोच मार्ग धरला. मुंबईत वास्तुशास्त्र शिकलेल्या या तरुणाने १९८४ मध्ये बार्देशातील शिवोली येथील आपल्या घरी 'गोअन क्रेझी' ही ध्वनिफीत मुद्रित केली. गीते त्यांची, गायन त्यांचे, सर्व वाद्ये त्यांनीच वाजवली, ध्वनिमिश्रणही त्यांनीच केले. ध्वनिफिती स्कूटरवर लादून ते स्वतः दुकानांत पोहोचवीत. इंग्रजीत स्वतःची गीते रचणाऱ्या भारतीयासाठी कंपन्यांचे दरवाजे त्या काळी सहजासहजी उघडत नसत. हा मार्ग यशस्वी झाल्यावर ते उघडले आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या ध्वनिफिती मोठ्या कंपनीमार्फत निघाल्या.

स्वतंत्र ध्वनिमुद्रिका एकट्याने काढता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. ज्या गोव्याने मुंबईला शेकडो वादक पुरवले, त्याच गोव्यात वादकांशिवाय ध्वनिमुद्रिका तयार झाली, हा योगायोग लक्षणीय आहे. रेमो यांच्यासारखा अनेक वाद्यांवर हात असलेला कलावंत विरळाच. इतरांनी तोच मार्ग धरला तेव्हा वादकाची जागा यंत्राने घेतली. १९८० च्या दशकापासून सिंथेसायझर आणि ठेका देणारी यंत्रे यांनी मुंबईतील मोठे वाद्यवृंद क्रमाक्रमाने लहान केले. पन्नास व्हायोलिनवादकांचा स्वर एका कळफलकातून निघू लागला. त्यात चूक नव्हती, परंतु पहाटे चार वाजता, गीत संपत नाही हे पाहून, वादनाचा जोर स्वतःहून वाढवणारे कोणी नव्हते.

स्थानिक वादकांसह ध्वनिमुद्रण

आज एखाद्या गीतकाराला आपल्या शहरातील वादक घेऊन कंट्री पद्धतीची ध्वनिमुद्रिका काढायची असेल, तर त्याने काय करावे? उदाहरणासाठी दक्षिण दिल्लीतील मुनिरका घेऊ. हे मूळचे जाटांचे जुने गाव. चहूबाजूंनी वाढलेल्या शहराने त्याला वेढले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था जवळ असल्याने तेथील अरुंद गल्ल्यांतील उंच इमारतींत विद्यार्थी व नोकरदार तरुण भाड्याने राहू लागले. त्यांत मणिपूर, नागालँड, मिझोराम, मेघालय या राज्यांतून आलेले पुष्कळ आहेत. या डोंगरी प्रदेशांत चर्चच्या द्वारे 'डो, रे, मी' ही अक्षरे लिहिण्याची स्वरलिपी घरोघर पोहोचली आणि चार आवाजांत गाण्याची सवय लहानपणापासून लागली. गिटार तेथे आवडीचे वाद्य आहे. शिलाँगमध्ये लू माजाव १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी डिलन यांचा जन्मदिवस गाऊन साजरा करत आले आहेत. गोव्यातील चर्चशाळेने मुंबईसाठी जे केले, त्याचाच हा दुसरा आविष्कार म्हणता येईल. स्थानिक वादक म्हणजे त्या मातीत जन्मलेला वादक असे नव्हे. जो आज त्या वस्तीत राहतो आणि उद्या तालमीला येऊ शकतो, तो स्थानिक.

परक्या संगीताची वाद्ये हुबेहूब मिळाली नाहीत, म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. कंट्री संगीतातील स्टील गिटारवादक मिळणे कठीण असते. पण तिची भगिनी असलेली हवाईयन गिटार भारतात अनेक दशके वाजवली जात आहे. विश्वमोहन भट्ट यांनी तिच्यातूनच मोहनवीणा घडवली आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासह १९९३ मध्ये 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ही ध्वनिमुद्रिका दिली. तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ढोलक जाणणाऱ्याकडून ड्रमचा साधा ठेका वाजवून घेण्यापेक्षा ढोलकच वाजवू द्यावे. वादकाला त्याच्या हातातील विद्येसह बोलवावे. दुसऱ्याची नक्कल करण्यासाठी बोलवू नये.

ध्वनिमुद्रणाचा क्रम साधारणपणे असा असतो. गायक प्रथम गिटारवर गीत गाऊन एक कच्चे मुद्रण करतो आणि ते वादकांना आधी ऐकायला देतो. गीताची पट्टी, लय आणि कडव्यांचा क्रम एका पानावर लिहिलेला असावा. आकड्यांची पद्धत त्यासाठी सोयीची आहे. तालमी ध्वनिमुद्रणगृहाबाहेर कराव्यात, कारण आत प्रत्येक तासाचे भाडे पडते. ठेका, बास आणि गिटार ही पायाभूत वाद्ये शक्यतो एकत्र मुद्रित करावीत. एकमेकांकडे पाहत वाजवल्याने लयीत जो जिवंतपणा येतो, तो वेगवेगळ्या मुद्रणांच्या जोडणीतून येत नाही. त्यावर फिडल वा मोहनवीणेचे तुकडे चढवावेत आणि अंतिम गायन सर्वांत शेवटी घ्यावे. मुद्रण घरीच करायचे असल्यास सतरंज्या, गाद्या आणि जाड पडदे भिंतींचा घुमारा कमी करतात. रस्त्यावरील भोंगे आणि विमानांचा आवाज मात्र त्यांनी अडत नाही. त्यासाठी रात्रीची शांत वेळच निवडावी लागते.

व्यवहाराचा भाग याहून कमी महत्त्वाचा नाही. मैत्रीखातर वाजवणाऱ्यालाही मानधन किती, कोणत्या दिवशी आणि किती तासांचे, हे आधी सांगावे. बैठक लांबली तर जादा वेळेचे काय, हेही ठरवावे. वादकाने सादरीकरणाचे हक्क द्यायचे असतील, तर तसा सही केलेला लेख हवा; त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. एकरकमी पैसे घ्यायचे की कमी पैसे घेऊन पुढील उत्पन्नात हिस्सा ठेवायचा, हा पर्याय वादकासमोर स्पष्ट शब्दांत मांडावा. एखाद्याने सुचवलेला तुकडा गीताची ओळख बनला, तर त्याला सहरचनाकार मानावे काय, याची चर्चा गीत गाजण्यापूर्वी करणे सोपे असते. गाजल्यावर ती क्वचितच गोडीने होते. शेवटी, प्रत्येकाचे नाव त्याने सांगितले तसे आणि त्याच्या वाद्यासह नोंदवावे. आता वेष्टनाची जागा संगणकीय नोंदीने घेतली आहे, पण तीत वादकांच्या नावांसाठी रकाना असतो. तो रिकामा सोडला, तर जुनीच प्रथा नव्या यंत्रावर पुढे चालते.

कंपनीच्या पोलादी चौकटीत नावे गाळली जात, तेव्हा त्याचा दोष पद्धतीला देता येत असे. स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत असा दोष देण्यास कोणी उरत नाही. तेथे कोणाला बोलवावे, काय द्यावे आणि काय छापावे, हे एकच माणूस ठरवतो. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत आयुष्य घालवलेल्या शेकडो वादकांची नावे आज शोधूनही सापडत नाहीत, कारण त्या त्या दिवशी ती कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचे वादन मात्र अजून ऐकू येते. पुढील पिढीच्या वादकांवर ही वेळ येऊ नये, यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. बैठक संपल्यावर, वाद्ये पेटीत जाण्यापूर्वी, एक कागद आणि लेखणी पुरेशी आहे.